सावडीचे पाच शनिवार

सोजरीचा हात डावा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे काही झालं ते त्या हातापायी झालं. आन माझी जीभ लांब. तेही सांगून ठेवते, म्हंजे मागनं कुणी म्हणायला नको की गिरजाबाईनं आपलं तेवढं झाकून ठेवलं.

सोजरबाई ह्या वैशाखात गेली. वय काय, चाळीस-एक्केचाळीस. जायचं वय व्हतं का ते? आमची घरं चऱ्होलीत, नदीच्या अंगाला, गल्लीच्या पार शेवटी, शेजारी शेजारी. मधी नुसतं शेराचं कुंपण. त्या कुंपणातल्या भगदाडातनं वीस वर्षं आमी इकडची तिकडं करत व्हतो. आन ती गेली तवा आमच्यात अबोला व्हता. अबोला मी धरला व्हता, तिनं न्हाई. ती कसला अबोला धरणार? ती मुळातच चार शब्दांच्या वर बोलायची न्हाई.

बासष्ट साली मी चाकणवरनं लग्न होऊन हितं आले. सोळा वर्षांची. त्याच दिवाळीच्या तोंडावर चीनची लढाई लागली. गावातली माणसं चावडीपुढं रेडिओला कान लावून उभी, आन सासू मला म्हणाली, "बसून काय ऱ्हायलीस? अंगण सारव." चाकणला माझ्या बापाचं बाजारात भुसाराचं दुकान, घरापुढं फरशी. शेणात हात घालायची मला काय सवय! कालवलं शेण, ओतली त्यात दोन कळश्या पाणी, आन बसले फासत. अर्धं अंगण झालं न झालं तोच कुंपणापलीकडनं आवाज आला,

"अगं बये, सारवतीस का आमटी वाढतीस?"

बघते तर कडेवर तीन वर्षांचं पोर घेतलेली एक सावळी, काटकुळी बाई. भगदाडातनं वाकून आत आली, पोराला ओट्यावर बसवलं, पदर खोचला. माझी बादली उचलून निम्मं पाणी उकिरड्यावर फेकलं, त्यात मूठ मूठ पांढरी माती घातली, मळली, आन बसली डावा हात शेणात घालून.

मी म्हणलं, "अगं, डावा?"

"शेणाला कुठं कळतंय," ती म्हणाली.

ती सोजर. तिचा नवरा खंडू गावात बैलगाडी हाकायचा. कडेवरचं पोर म्हंजे ज्ञानदेव. डाव्या हातापायी सासरी तिनं लई खाल्लं व्हतं. बोलणी बी आन मार बी. भाकरी उजव्यानं थाप, वाढायचं ते उजव्यानं, कुंकू लावायचं ते उजव्यानं. शिकली बिचारी सगळं. पण सारवायला बसली की डावाच हात पुढं यायचा, तिथं कुणाचं काय चालायचं न्हाई. आन हात कसा म्हणाल? तिनं सारवलेल्या जागेवर पीठ सांडलं तर गोळा करून भाकरी करावी.

त्या दिवसापासनं आमची सावड लागली. बुधवारी माझं अंगण दोघींनी सारवायचं, शनिवारी तिचं. सावड म्हंजे आज तू माझ्याकडं राबायचं, उद्या मी तुझ्याकडं. आमच्या भागात पेरणी, कापणी, खळं, सगळं सावडीवर चालतं. ह्यात पैसा न्हाई, धान्याची पायली न्हाई. एकच कायदा, फेड आपल्याच हातानं करायची. गडी पाठवून चालत न्हाई, पोराबाळाला पाठवून चालत न्हाई. दुसऱ्याचा हात लावला की सावड मोडली, आन मोडणाऱ्याच्या दारात मंग पुन्हा कुणी उभं ऱ्हात न्हाई. बाप्यांचा हा कायदा, पण आमी बायकांनी तो अंगणाला लावला.

सारवताना हाताचा एक वळसा उठतो, अर्धा गोल. उजव्या हाताचा एका अंगाला वळतो, डाव्याचा दुसऱ्या अंगाला. मी एका कडेनं सरकत यायचे, ती दुसऱ्या कडेनं. मधी दोघींच्या ओळी भिडल्या की बरोब्बर गव्हाच्या ओंबीवाणी दिसायचं. दोन्ही उजव्या हातांच्या बाया बसवा, अशी ओंबी उठायची न्हाई. गल्लीत येणारं-जाणारं माणूस बघून म्हणायचं, "आज गिरजीच्यात सोजर येऊन गेली वाटतं." जी आधी मधावर पोचायची ती म्हणायची, "आले गं." दुसरी मान वर न करता म्हणायची, "ये." हे काय कुणी ठरवलं न्हवतं, आपसूक पडलं.

मी बडबडायचे, ती ऐकायची. सासूची गाऱ्हाणी, जावांची गाऱ्हाणी, मालकांची गाऱ्हाणी. आमचे मालक सहासष्ट साली भोसरीला कंपनीत लागले. पहाटे सायकलवर जायचे आन तीन-साडेतीनाला घरी येऊन खाटेवर पडायचे. मी म्हणायचे, "सोजरे, माझा नवरा कंपनीशी लग्न लावून बसला." ती म्हणायची, "पगार तुला देतो न्हवं?" झालं. माझ्या तासाभराच्या बडबडीवर तिचं एवढं एक वाक्य.

एकोणसत्तर साली खंडू गेला. वडमुखवाडीला विहिरीच्या कामावर सुरुंगाचा दगड लागला. सोजर अठ्ठावीस वर्षांची बी न्हवती. बांगड्या फोडल्या, कुंकू गेलं. तेराव्यानंतरचा बुधवार आला, मी शेण कालवून बसले. वाटलं, कशी येईल? बघते तर भगदाडातनं वाकून आत. बसली आन सारवलं. डोळ्यांतनं पाणी गळत व्हतं ते त्याच शेणात पडत व्हतं, आन हात काय थांबला न्हाई.

वर्षानं माझ्या नणंदेचं लग्न निघालं. मांडव आमच्या अंगणात. मांडवाच्या आदल्या दिवशी बुधवार. सासूनं फर्मान काढलं, "सोजरीला आज बोलवायचं न्हाई. रांडमुंड बाईचा हात मांडवाच्या जागेला नको." माझं डोकं असं फिरलं! मी अर्धं अंगण सारवलं, माझ्या बाजूचं, आन मधावर येऊन हात धुऊन ओट्यावर बसले.

सासू म्हणाली, "उरलेलं?"

"उरलेलं तिचं हाय," मी म्हणलं. "ती सारवील, न्हाईतर तसंच ऱ्हाईल. अर्ध्या अंगणात लावा लगीन."

बापरे! काय तो दंगा झाला! सासूनं माझा आन माझ्या बापाचा सगळा उद्धार केला. सोजरीनं ऐकलं ते कुंपणापलीकडनंच हात जोडून म्हणाली, "नको गं गिरजे, माझ्यापायी घरात तंटा नको. उगाच काय झालं तर माझ्या नावानं खडे फोडतील." मी गेले, तिचा डावा हात धरला आन ओढत आणली. बसवली. तिनं सारवलं. सासूकडं न बघता सारवलं, पण सारवलं. ओंबी उठली. त्या अंगणात नणंद बोहल्यावर चढली, आन आज तीन पोरांची आई होऊन मोशीत सुखानं नांदतीय. सासू पंधरा दिवस माझ्याशी बोलली न्हाई. बरंच झालं, तेवढीच कानाला विश्रांती!

सांगायचं काय, की तवा मी सोजरीच्या हातासाठी सगळ्या घराशी भांडले. आन पुढं त्याच हातासाठी तिच्याशी भांडले. माणसाच्या डोक्यात काय भरतं ते देवालाच ठाऊक.

बहात्तरच्या दुष्काळात तर शेण बी मिळेना. आमची जनावरं चाऱ्यावाचून सासऱ्यानं विकली, तिचे बैल खंडूमागं आधीच गेले व्हते. दिवसभर दोघी खडी फोडायच्या कामावर. येताना आळंदीच्या रस्त्यानं एखादी बैलगाडी पुढं चाललेली दिसली की आमी टोपली घेऊन मागं मागं. बैल कवा शेपूट वर करतोय ह्याची वाट बघत! गाडीवाला वळून बघायचा आन हसायचा. मी म्हणायचे, "दादा, बैलाला जरा पाणी पाजा की, मोकळं होईना त्याचं." सोजर तोंडात पदर कोंबून हसायची. अख्ख्या दुष्काळात ती हसलेली मी तेवढीच बघितली. टोपलीभर शेण मिळालं तर ते दोन वाट्यांचं, आन दोन्ही अंगणं त्यातच भागवायची.

दिवस गेले. सासू गेली, माझी एकुलती एक लेक लग्न होऊन मंचरला गेली. ज्ञानदेव वाढला. मालकांनी साहेबांच्या हातापाया पडून त्याला आपल्याच कंपनीत टेंपररी लावला. एक्क्याऐंशीत त्याचं लग्न झालं, कस्तुरा सून आली. गुणाची पोर, कामाला वाघीण. ज्ञानदेव म्हणायचा, "पर्मनंटची ऑर्डर आली की अंगणात सिमेंटचा कोबा करतो, आईचा शेणातला हात सुटला पाहिजे." पण मला ते लागायचं. मनात यायचं, पोर कंपनीत लागला, सून आली, आता कोबा होणार, आता हिला गिरजीची सावड कशाला लागतीय? हे मी बोलले न्हाई कवा. बोलले असते तर बरं झालं असतं. न बोललेलं आत कुजतं.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. सारवता सारवता तिनं मधीच हात थांबवला, कोपर धरलं आन म्हणाली, "गिरजे, हात जड झालाय गं."

मी म्हणलं, "होणारच! सासू झालीस आता. सासूचा हात जडच असतोय."

ती हसली न् पुन्हा सारवायला लागली. ते माझं बोलणं आठवलं की आता माझीच जीभ हासडून काढावी वाटते.

पौषात चाकणला माझी आई पडली, मांडीचं हाड मोडलं. मला जाणं भाग. सोजरीला म्हणलं, "माझं अंगण?" ती म्हणाली, "मी हाय की. तू आईला बघ." ठरलं असं, की मी न्हाई तेवढे बुधवार तिनं एकटीनं माझं अंगण सारवायचं, आन आल्यावर तेवढे शनिवार मी एकटीनं तिचं सारवून फेडायचे. पाच आठवडे लागले मला. आई उठून बसायला लागली तशी मी एष्टीत बसले.

गुरुवारी दुपारी घरी आले. मालक फर्स्ट शिफ्टला गेलेले, दाराला कडी. अंगण सारवलेलं व्हतं. पण पाऊल टाकलं आन थबकले. सगळे वळसे उजव्या अंगाला! एक बी डावा न्हाई. आन सारवण कसलं, नवशिकं. बोटांच्या मधी माती उघडी, कडेला गोळे तसेच, एका ठिकाणी दोनदा हात फिरवलेला तर एका ठिकाणी नुसता ओढलेला. हा सोजरीचा हात न्हवंच. म्हणलं, सून पाठवली! पाचही बुधवार सून पाठवली हिनं!

पिशवी ओट्यावर टाकली आन तशीच भगदाडातनं गेले. सोजर उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत व्हती. डावा हात पदराखाली, उजव्यानं खडे वेचत व्हती. ते मी बघितलं. डोळ्यांनी बघितलं, पण डोकं ठिकाणावर कुठं व्हतं? कस्तुरा नदीवर धुण्याला गेली व्हती.

"सोजरे, माझं अंगण कुणी सारवलं?"

"का? सारवलंय न्हवं?"

"सारवलंय. कुणाच्या हातानं, ते विचारते."

तिनं वर बघितलं. चेहरा उतरलेला, मला वाटलं चोरी पकडली म्हणून उतरलाय. म्हणाली, "हात हातासारखाच असतोय. बस, दमली असशील. आई कशी हाय?"

"आईचं सोड! सून पाठवलीस व्हय?"

हो न्हाई, न्हाई न्हाई. खाली बघून खडे वेचत ऱ्हायली. मंग माझं तोंड सुटलं. नको नको ते बोलले. शेवटी म्हणलं, "माझ्या माणसानं साहेबाचे पाय धरून तुझ्या पोराला कंपनीत चिकटवलं, म्हणून आज सुनेच्या हातानं सावड फेडायची मिजास आलीय तुला. मोडली म्हण आजपासनं!"

तिनं वेचलेला खडा उंबऱ्याबाहेर टाकला. "बरं," ती म्हणाली.

एवढंच. बरं! भांडली असती, ओरडली असती, तर माझा राग तिथंच उतरला असता. मी पायताण आपटत घरी आले. रात्री मालक म्हणाले, "अगं, मी कामावर असायचो, कोण सारवून जायचं मी बघितलं न्हाई. विचारून तरी बघ त्या पोरीला." मी म्हणलं, "विचारायचं काय? हात दिसतोय की!" वीस वर्षं सारवण केलेल्या बाईला तुमी हात शिकवता का, म्हणाले मी. अशी माझी अक्कल.

मंग माझं अंगण मी एकटीनं सारवायला लागले. शनिवारी तिच्याकडं गेले न्हाई. पाच शनिवार माझ्या अंगावर व्हते, ते फेडले न्हाईत. म्हणलं, सुनेनं केलेल्याची फेड माझी सून आली की करील, आन मला तर पोरगाच न्हाई! ह्यावर मी स्वतःशीच हसले सुद्धा. कुंपणातनं दिसायचं, सोजरीच्या अंगणाचे पोपडे निघायला लागलेले. कस्तुराला दिवस गेले व्हते, तिला वाकू देत न्हवती सोजर. मी मनात म्हणायचे, घे आता. कर कोबा.

चैत्रातला शनिवार. मी अंगणात खाटेवर कुरडया घालत व्हते. सोजर तिच्या उंबऱ्यात येऊन बसली, चौकटीला टेकून. सकाळपासनं बसली व्हती. नेसणं चांगलं व्हतं, हिरवट लुगडं, ठेवणीतलं. मी बघून न बघितल्यासारखं केलं. ऊन डोक्यावर आलं तरी बसलेलीच. मंग हाक आली.

"गिरजे, ये गं."

ऐकलं मी. चांगलं ऐकलं. हातातलं पातेलं खाटेवर आदळलं, आत गेले आन दार लोटून घेतलं. दाराआड उभी ऱ्हायले, पुन्हा हाक मारती का बघत. दुसऱ्यांदा मारली असती तर गेले असते. देवाशपथ गेले असते! दुसऱ्यांदा मारली न्हाई तिनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दाराला कुलूप. ज्ञानदेवनं शिफ्टसाठी चिंचवडला स्टेशनाजवळ एक खोली भाड्यानं घेतली व्हती, मला वाटलं सगळी तिकडं ऱ्हायला गेली. न सांगता! मी मालकांना म्हणलं, "बघा, गेली शेवटी शहरात. एवढ्यासाठी नटून बसली व्हती." मालक त्या दिवसांत सेकंड शिफ्टला, ज्ञानदेव रजेवर, त्यांची गाठ पडली न्हाई. मी रोज त्या कुलपाकडं बघायचे आन तोंड फिरवायचे.

अठरा दिवसांनी, सकाळी नऊच्या सुमाराला, कुंपणापलीकडं कडी वाजली. बघते तर कस्तुरा एकटी. डोळे सुजलेले. दार उघडून आत गेली आन बादली घेऊन बाहेर आली. सहा महिन्यांचं पोट घेऊन ती अंगणात खाली बसायला बघत व्हती. मी भगदाडापाशी गेले.

"काय गं? सासू कुठाय?"

"आणत्यात," कस्तुरा म्हणाली. "पुण्याच्या दवाखान्यातनं निघालीत टेंपोनं. आत्या गेल्या, मावशी. पहाटं गेल्या."

मी भगदाडातनं आत शिरले. पण जीभ बघा माझी! मेल्या माणसाची बातमी कानावर पडली तरी तिला वळण न्हाई. तिच्या हातातली बादली घेतली आन म्हणलं, "ऊठ तू, पोटुशी बाईनं वाकू नये. माझं अंगण सारवून सारवून बसलाय तुझा हात, तो ऱ्हाऊ दे. हिच्या शेवटाला तरी मी सारवते."

कस्तुरा उठता उठता थांबली. "मी कवा सारवलं तुमचं अंगण?"

"पौषात. मी चाकणला व्हते तवा."

"मी न्हाई, मावशी. मी एकदा बी आले न्हाई तुमच्या अंगणात. मी म्हणत व्हते, द्या, मी जाते. तर आत्या म्हणायच्या, सावड हाय ती, माझ्याच हातानं फेडायची. त्यांनीच सारवलं. उजव्या हातानं. डावा उचलतच न्हवता त्यांचा."

बादली माझ्या हातात तशीच. मंग ती पोर रडत रडत सांगत गेली. सोजरीच्या छातीत, डाव्या अंगाला, वर्षभर गाठ व्हती. अवघड जागेचं दुखणं, दाखवायचं कुणाला? मार्गशीर्षापासनं हात सुजून खांद्यापासनं जड झाला. कस्तुराला कळलं तर तिला पोटातल्या बाळाची शपथ घातली. ज्ञानदेवची पर्मनंटची ऑर्डर यायची व्हती, खाडे पडले तर त्याला काढून टाकतील, ऑर्डर आली की मंग दाखवू. माझ्या अंगणाला एका बुधवारी तिला सकाळपासनं दुपारपर्यंत वेळ लागायचा. मधी मधी ओट्याला टेकून बसायची, पुन्हा उठायची.

"मला का सांगितलं न्हाई?" मी ओरडले. "मी काय मेले व्हते का?"

कस्तुरा खाली बघायला लागली. "मी म्हणलं व्हतं, मावशींना सांगा. तर म्हणाल्या, गिरजी मायेची हाय पण तिच्या पोटात ऱ्हायचं न्हाई. कंपनीपर्यंत जाईल."

खरं बोलली ती. कंपनीपर्यंत गेलंच असतं.

"आन भांडण झालं तवा? तवा तरी सांगायचं!"

"मी म्हणलं व्हतं, मी जाऊन सांगते त्यांना, मी न्हाई सारवलं म्हणून. तर म्हणाल्या, नको, मंग ती विचारील उजव्या हातानं का. राग हाय तिचा, उतरल. शनिवारी येईल."

शनिवारी येईल. दर शनिवारी तिनं माझी वाट बघितली व्हती. चैत्रात दुखणं लपेनासं झालं, ज्ञानदेवला कळलं. त्यानं गुरुवारीच दवाखान्यात न्यायचं ठरवलं. ही म्हणाली, दोन दिवस थांब. शनिवारी गिरजी सारवायला येईल. तिनं सारवलेल्या अंगणातनं निघते, म्हंजे परत येईन. म्हणून ठेवणीतलं लुगडं नेसून ती उंबऱ्यात बसली व्हती. म्हणून ती हाक. मी पातेलं आपटून आत गेले तवा ती कस्तुराला म्हणाली, "कामात असंल ती," आन तशीच उठून पोपडे निघालेल्या अंगणातनं बाहेर पडली.

मी काय रडले ते सांगत न्हाई. रडायला वेळ कुठं व्हता? टेंपो निघाला व्हता. मी बसले आन सारवलं. सगळं अंगण, दोन्ही बाजू, एकटीनं. हात माझा चालत व्हता आन तोंडानं मी मलाच शिव्या देत व्हते. ओलं वाळलं न्हाई तोवर तिला आणून त्याच्यावर ठेवली. तोंडावरनं कापड काढलं. एवढीशी झाली व्हती. डावा हात तेवढा सुजून दुप्पट. तो हात मी धरला. नणंदेच्या लग्नाला धरून ओढत आणला व्हता, तोच. "ऊठ गं सोजरे, चल," म्हणलं. बायांनी मला बाजूला केलं.

तेरावं झालं. ज्ञानदेवची ऑर्डर आली. खाडे पडले तरी आली. काय म्हणावं ह्याला? त्यानं सिमेंटची पोती आणून ओट्यावर रचली. मी गेले, म्हणलं, "ज्ञानदेवा, तुझ्या आईचे पाच शनिवार माझ्या अंगावर हायेत. तेवढे होऊ दे, मंग कर तुझा कोबा." त्याच्या आईशी मी काय बोलले ते त्याला ठाऊक असणारच. म्हणाला, "तुमचं होऊ द्या, मावशी." मोठं मन, आईवर गेलंय.

चार शनिवार मी उजव्या हातानं सारवलं. नीट, मन लावून, जसं ती करायची तसं. पण आत कुठं काय उतरंना. पाचव्या शनिवारी बसले आन उजवा हात पदराखाली घेतला. डावा शेणात घातला.

तुमी करून बघा. हात कुठं वळायचं म्हणलं तर कुठं वळतो. बोटांच्या मधी माती उघडी ऱ्हायली. कडेला गोळे तसेच ऱ्हायले. एका ठिकाणी दोनदा फिरला, एका ठिकाणी नुसता ओढला. मागं वळून बघितलं. हे सारवण मी बघितलं व्हतं. माझ्याच अंगणात, चाकणवरनं आल्या दिवशी. मी धडधाकट बाई, तरी माझा खांदा भरून आला, कमरेत कळ आली. ती तर गाठ घेऊन बसत व्हती. पाच बुधवार.

दुपार झाली. कस्तुरानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला, म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मावशी, बाकीचं मी करते." मी म्हणलं, "हात लावशील तर बघ." ती आत गेली. सरकत सरकत मी मधावर आले. पलीकडची अर्धी बाजू मी सकाळीच उजव्या हातानं करून ठेवली व्हती. शेवटचा वळसा दिला आन ओळी भिडल्या. वाकडी, तिरकी, पण ओंबी उठली.

"आले गं," मी म्हणलं. मंग "ये" बी मलाच म्हणावं लागलं.